गिरणगावातल्या खानावळी

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरणगाव वसले. रत्नागिरी, सातारा भागांतून आलेले बहुतेक कामगार बायकामुले आणि शेती गावाकडे ठेवून येत. एकेका खोलीत कितीतरी जण पाळीपाळीने झोपत. वळकटी पसरण्यापुरती जागा मिळाली तरी चूल मांडण्याची सोय नसे. त्यांच्या जेवणाची जबाबदारी चाळीतल्याच बायकांनी घेतली आणि घरगुती खानावळ हा गिरणगावचा स्वतंत्र धंदा झाला.

खानावळवाली बहुधा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली असे, नाहीतर बदलीवर काम करणाऱ्या कामगाराची बायको. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता, पण नंतर तो घटत गेला. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत नवी यंत्रे आली. बायकांना रातपाळीला कायद्याने बंदी होती, त्यामुळे पाळ्या वाढल्या तशा त्या मालकांना गैरसोयीच्या वाटू लागल्या. कामावरून सुटलेल्या अनेकींना खानावळीचाच आधार उरला.

सरकारने १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यातच संसार, कोठार, चूल आणि जेवणाऱ्यांची पंगत. पंधरा माणसे आणि माणशी तीन भाकऱ्या धरल्या, तरी एका वेळेला पंचेचाळीस भाकऱ्या थापाव्या लागत. शिवाय कालवण आणि भात वेगळा. सकाळची पहिली पाळी लागायच्या आत डबे भरून व्हायला हवेत, म्हणून पहाटे नळाला पाणी येण्याआधीच शेगडी पेटे. वाटण आदल्या रात्री पाट्यावर करून ठेवलेले असे. कोणाची कुठली पाळी, कोण जेवायला येणार आणि कोणाचा डबा जाणार, हे सारे तोंडपाठ. दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढून तिसरी पाळी सुरू झाली, तेव्हा तर चुलीला उसंतच राहिली नाही. घड्याळ घरात असो वा नसो, गिरणीचा भोंगा चुकत नसे.

स्वयंपाकापेक्षा अवघड होता तो पैशाचा मेळ. गिरणीचा पगार महिना भरल्यावर लगेच होत नसे. पुढचा महिना बराच उलटल्यावर हातात पडे. तोवर गडी उधारीवर जेवत. खानावळवाली वाण्याकडून उधारीवर किराणा आणी, म्हणून तिला भाव चढा लागे आणि मापही वाण्याच्या मर्जीचे. ते पुरले नाही की सावकार होताच. सगळे फेडल्यावर बहुतेकींच्या पदरात स्वतःच्या घरच्यांचे जेवण तेवढे उरे. गिरणीमालकांना कामगाराच्या पोटाची फिकीर न करता मजुरी कमी ठेवता आली, त्यात या न मोजलेल्या श्रमांचा वाटा मोठा होता. संपात तर जेवण उधारीवर घालणे हाच संपाला दिलेला आधार ठरे. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, १९७४ चा ४२ दिवस. दोन्ही वेळा वाण्याची बाकी फुगत गेली.

कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनी हा पेच जवळून पाहिला होता. १९७५ मध्ये त्यांनी खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते, पण तारण मागितले तर या बायकांकडे दाखवायला भांड्यांपलीकडे काही नव्हते. शेजारणींनी गट करून एकमेकींची हमी घेतली, तेव्हा बँकेचे कर्ज मिळू लागले. रोखीने घाऊक किराणा भरता येताच सावकाराचे व्याज सुटले, आणि धंद्यात पहिल्यांदाच थोडी शिल्लक दिसू लागली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा आत जाता आले नाही. हळूहळू गडी गावाकडे परतले, त्यांच्याकडची उधारी बुडाली आणि खानावळी एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या केल्या, तिथे पुढे कार्यालये आणि मॉल उभे राहिले. टिकून राहिलेल्या काही बायकांनी कार्यालयांचे डबे आणि पोळीभाजीचा धंदा धरला.