तलाव कोणाचा?

मंडळी, भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे शाळेतले पोरही सांगेल. पण या तलावांना दरवर्षी माणसाचा हात लागत होता म्हणून ते टिकले, हे आपण सहसा सांगत नाही. आज एखाद्या मंडळाची दहापाच माणसे उन्हाळ्यात एक दिवस कुदळी घेऊन तलावात उतरतात आणि बेशरमाची झुडपे उपटतात, तेव्हा पाहणाऱ्याला ती नवी समाजसेवा वाटते. मला ते एका जुन्या रिवाजाचे तुटलेले टोक वाटते.

हा रिवाज घातला तो मुख्यतः कोहळी शेतकऱ्यांनी. चांद्याच्या गोंड राजाने आपल्या पूर्वजांना काशीकडून आणले, अशी त्यांच्यात परंपरा आहे. तिचा खरेखोटेपणा ठरवणे कठीण. कामाचा पुरावा मात्र डोळ्यांसमोर आहे. जमिनीचा उतार नजरेने ओळखायचा, नाल्याला आडवी मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा आणि तुडुमातून बेताने पाणी सोडून खालच्या बांध्यांत धान पिकवायचे. उसाच्या शेतीतही कोहळ्यांचा हातखंडा होता. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तो तिकडे गेला, तरी त्याची कथा भंडाऱ्याच्याच इतिहासातली आहे.

पुढे इंग्रजी अमदानीत, १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात, मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि तलावही त्यांचे ठरले. पाळीची डागडुजी गावाच्या हातांनी होई. ते सारे हात खुशीने लागत, असे मात्र समजू नका. मालगुजाराचा शब्द मोडण्याची कोणाची छाती होती? त्यात वेठही होती. जुने ते सोने म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

तेव्हा भंडारा मध्यप्रदेशात होता. तिथला मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला, मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी गेली हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर तलावाकडे रोज पाहणारा माणूसही गेला. पाणी घेण्याचे हक्क गावच्या दप्तरात राहिले. पाळीवर माती टाकण्याची पाळी कोणाची, हे कोणी विचारले नाही. सरकार करील म्हणून गाव थांबले. गाळ काही थांबला नाही.

त्यात बेशरम आली. ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती. गुरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून लोकांनी कुंपणाला लावली, आणि ती तलावाच्या काठाने आत सरकली. शेतकऱ्याला ती अडचण वाटते. धिवराच्या तर ती पोटावर येते. ज्या पाणवनस्पतींत देशी मासे अंडी घालतात आणि चरतात, त्यांची जागाच ती खाते.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धिवर मच्छीमारांबरोबर जे काम केले, त्याचे मर्म इथे आहे. त्यांनी बेशरम काढली, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळावर नांगर फिरवला आणि पावसाळ्यात तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला हवी, याची विद्या धिवरांचीच. पदवीधरांनी ती त्यांच्याकडून शिकावी लागते, आणि त्यात कमीपणा नाही.

गुरुजी, आपण मुलांना घेऊन अशा कामाला निघालात, तर पहिल्यांदा त्या तलावात मासे धरणाऱ्यांना विचारा. श्रमदानाचा दिवस आपल्याला सुट्टीचा असतो. धिवराची त्या दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा दिवस त्यांच्या सोयीचा धरावा. आणखी एक. बेशरम कापून तिथेच टाकाल तर काम फुकट गेले म्हणून समजा. तिच्या तुकड्यालाही ओल मिळाली की मुळे फुटतात. मुळासकट उपटावी, पाण्यापासून दूर कोरड्या जागी नेऊन वाळवावी, आणि पाऊस लागला की पुन्हा एकदा तलाव फिरून पाहावा.