सागवानी बडोदे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दगडी तट आणि बुरूज उभे राहतात. परंतु गायकवाडांच्या बडोद्याचा पुष्कळसा इतिहास लाकडातच उभा राहिला. जुन्या शहरातील तांबेकरवाडा हे त्याचे ठळक उदाहरण होय. १८४९ ते १८५४ या काळात संस्थानचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकर यांचे हे चारमजली निवासस्थान. भिंतींवरील पौराणिक प्रसंगांची रंगीत चित्रे पाहून लोक परततात. ज्या लाकडी सांगाड्याने ती चित्रे सांभाळली, त्याकडे मात्र क्वचितच कोणाची नजर जाते.

अशा घरांत भार पेलतात ते खांब आणि तुळया. मधली जागा कोठे विटांनी, कोठे फळ्यांनी भरून काढतात. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते व उन्हाळ्यात आकसते. लांबीत फारसा फरक पडत नाही. म्हणून जाणता सुतार फळ्या करकचून बसवीत नाही. एकीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ ठेवून तो त्यांना हलण्यास वाव देतो, किंवा सांध्यावर पट्टी मारतो. आपण जिला केवळ शोभा समजतो, ती पट्टी वारा-पाऊसही अडविते.

या कामाला साग उत्तम, कारण त्यातील नैसर्गिक तेलामुळे पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगड. तो मुलूखच सागाच्या रानांचा. मराठी वाडा आतल्या चौकाकडे तोंड करून बसतो, तर गुजराती घर आपले कोरीवकाम रस्त्याकडे मांडते. बडोद्यात या दोन्ही रीती शेजारी नांदल्या.

लाकडाला आगीचे भय असते. पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ साली जळाले. दगडी जोते मात्र उरले. परंतु गळकी पन्हळ आणि मालकाची उदासीनता हीदेखील तितकीच घातक. तांबेकरवाड्याला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. गल्लीबोळांतील साध्या घरांना ते नाही. ती पाडली जातात, आणि त्यांचे कोरीव खांब व फळ्या जुन्या सामानाच्या दुकानांत विकावयास येतात. घरावेगळी झालेली फळी कितीही सुंदर असली, तरी ती कोणाचे ऊन-पाऊस अडवीत होती हे सांगू शकत नाही.

वास्तविक ही घरे दुरुस्तीसाठीच रचलेली आहेत. एक फळी कुजली, तर तेवढीच काढून नवी बसविता येते. मृगापूर्वी पन्हळ साफ करणे आणि वेळीच सुताराला बोलाविणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.