आम्रगंध (सुगंधनिर्मितीतील)

अत्तर, परफ्यूम, साबण, उटणे यांत आंब्याचा भास करून देणारा गंध. गुलाब किंवा वाळा भट्टीवर चढवून अत्तर उतरवता येते, तसे पिकल्या आंब्याचे होत नाही. रसाळ, साखरेने भरलेला गर तापवला की शिजतो आणि ताज्या फळाचा वास जाऊन आटवलेल्या रसाचा वास येऊ लागतो. म्हणून बाटलीतला आंबा बहुधा निरनिराळी गंधद्रव्ये जुळवून रचलेला असतो.

प्रमाणाने पाहता आंब्याच्या वासात टर्पिन कुळातील द्रव्ये सर्वांत जास्त असतात. हापूसमध्ये ऑसिमीनचा वरचष्मा, तर इतर अनेक जातींत ३-कॅरीन किंवा टर्पिनोलीनचा. कैरीचा देठ मोडताच चिकाची बारीक चिळकांडी उडते आणि राळेसारखा उग्र, हिरवा वास नाकात चढतो, तो मुख्यतः याच द्रव्यांचा. (हा चीक अंगावर उततो, तो दोष मात्र त्यातल्या वेगळ्या द्रव्यांचा.) फळ अढीत पिकू लागले की आणखी दोन गट पुढे येतात. लॅक्टोनांमुळे पीच, नारळ, साय यांची आठवण होते. फ्युरॅनिऑल आणि मेसिफ्युरान यांना करपू लागलेल्या साखरेचा, स्ट्रॉबेरीचा गोडवा असतो. काही गंधकयुक्त संयुगे लेशमात्र असूनही फळाला त्याचा उष्ण कटिबंधीय ठसका देतात. रचनाकाराचा हात त्यांच्या बाबतीत जरा सैल सुटला, तर मांजराच्या मुताचा वास यायला लागतो.

या विषयातले महत्त्वाचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले. विद्या गुप्ता, अशोक गिरी, सागर पंडित, राम कुलकर्णी आदी संशोधकांनी हापूस झाडावर वाढताना आणि उतरवल्यावर पिकताना त्याचा वास कसा पालटतो, याचा माग काढला. २००९ मध्ये त्यांनी २२ भारतीय व ५ परदेशी जातींच्या गंधद्रव्यांची तुलना प्रसिद्ध केली. पुढे २०१३ मध्ये हापूसमध्ये फ्युरॅनिऑल घडवणाऱ्या विकराविषयीचा अभ्यासही त्यांनी मांडला.

परफ्यूमच्या रचनाकाराला मात्र हापूसपेक्षा कैरी अधिक उपयोगी पडते. पिकल्या आंब्याची हुबेहूब नक्कल अंगावर लावली की आमरसाचे जेवण उरकून हात न धुता आल्यासारखे वाटते. मराठी नाकाला तर ती नक्कल लगेच कळते. कैरीत आंबटपणा, हिरवेपणा आणि राळ असल्याने ती कपड्यावर शोभते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे एर्मेस या फ्रेंच पेढीचे ‘अं जार्दां स्युर ल नील’ (२००५). रचनाकार झां-क्लोद एलेना यांना त्याची कल्पना सुचली ती इजिप्तमधील आस्वानला, नाईलकाठच्या झाडांवर लटकलेल्या कैऱ्यांच्या वासावरून. सोबतीला कमळ, धूप आणि वेखंड आहे. बाळाला वेखंड लावणाऱ्या घरात ही जोडी मुळीच परकी वाटू नये.

भारतीय गंधशास्त्रात आंबा आहे, पण दुय्यम भूमिकेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील गंधयुक्तीच्या अध्यायात काही मिश्रणे आम्ररस आणि मध यांनी शिंपायला सांगितली आहेत. ‘गंधवाद’ हा संस्कृत ग्रंथ मराठी टीकेसह उपलब्ध आहे. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि १९८९ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो गंगाधराच्या ‘गंधसारा’बरोबर छापला गेला. मराठीतून सुगंधावर लिहिणाऱ्याने हा ग्रंथ चाळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

महाराष्ट्रात अंगाला लावायचा आंब्याचा वास सर्वांत जास्त पोचला तो एका कंदातून. आंबेहळद (कुर्कुमा अमाडा) ही हळदीच्या कुळातली. आंब्याशी तिचे वनस्पतिशास्त्रीय नाते काहीच नाही. ओल्या कंदाचे बोट मोडले की आत फिकट पिवळसर गर दिसतो आणि आधी कैरी, मागाहून आले असा वास येतो. तिच्या तेलात मिर्सीन भरपूर असते. कैरीचा भास ३-कॅरीन आणि ऑसिमीन यांमुळे होतो असे मानतात, म्हणजे द्रव्ये आंब्यातलीच. हापूसच्या पट्ट्यापासून दूर, नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावासारख्या (ता. कर्जत, जि. अहिल्यानगर) कोरडवाहू भागातल्या गावांत आंबा उन्हाळ्यापुरता, बांधावरच्या गावरान झाडाचा, आंबेहळद मात्र काष्ठौषधींच्या दुकानात बारमाही. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगासाठी उटणे घरी करायचे तर नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा, चंदन आणि संत्र्याची साल यांच्या जोडीला ती हवीच. मुका मार लागला की उगाळून तिचा लेप लावतात, आणि ओल्या कंदाचे लिंबू पिळून लोणचेही होते.

आंबेहळदीचा हा गंध हलका आणि चंचल आहे. कडक उन्हात वाळवली किंवा दळताना पीठ तापले की टर्पिने उडून जातात आणि उरतो तो फक्त मातकट वास. बाजारी उटण्याच्या पुडीत कैरीचा मागमूस लागत नाही त्याचे एक कारण हेच. कंद पातळ चकत्या करून सावलीत वाळवावा, थोडाथोडा कुटावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. तरीही वर्षभराने त्याचा जोर कमी झालेला असतो.