बिब्ब्याच्या फुल्या

एखाद्याचं चांगलं चाललेलं काम कुणी मध्येच बिघडवलं की आपण म्हणतो, ‘त्यानं बिब्बा घातला.’ बोलणाऱ्याच्या डोळ्यापुढं तेव्हा झाड नसतं. पण आमच्या धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, बिब्बा नुसता बोलण्यापुरता नव्हता. तो घराघरात होता. देवळीत, उतरंडीच्या गाडग्यात, पाळण्याच्या दोरीला, दाराच्या चौकटीला. आणि करणी-भानामतीच्या नावानं आमच्या भागात जे घडलं, त्यातही तो होता. त्यात झाडाचा वाटा किती आणि माणसाचा किती, एवढंच मला इथं मांडायचं आहे.

बिब्बा हा आंब्याच्या आणि काजूच्या कुळातला. फळही काजूसारखंच. वर पिकून पिवळं-नारिंगी होणारा गर आणि त्याच्या टोकाला काळी कुळकुळीत बी. या बीच्या कवचात दाट काळं तेल असतं आणि आत गोडंबी. गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात घालतात, आणि कवचातलं तेल मात्र कातडीला लागलं तर जाळतं. आधी खाज, मग लाली, मग पाण्यानं भरलेले फोड, आणि फोड गेले तरी काळा डाग मागं राहतो. एकाच बीत पोसणारंही आणि जाळणारंही. आमच्या बापजाद्यांना हे पक्कं माहीत होतं. पायात काटा मोडून टाच ठणकायला लागली की दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की दुखऱ्या जागी चटका द्यायचा. परीट याच तेलानं कपड्यावर खूण करायचा. ती खूण कितीही धुतलं तरी जात नसे.

जे जाळतं ते वाईटालाही जाळील, असा जुन्या लोकांचा हिशेब. म्हणून तान्ह्या लेकराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात वेखंडाचा मणी, पाळण्याला बिब्बा आणि दर शनिवारी दाराला लिंबू, मिरच्या, बिब्बा. उग्र वास, तिखट चव, काटा, जाळणारं तेल असं ज्याच्या अंगात काही आहे, ते राखणीला. सटवाईच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत धुरी करायची ती कडुलिंबाचा पाला, ओवा आणि वावडिंगाची. दृष्ट काढायची ती मीठ, मोहरी आणि मिरच्यांनी.

ही रीत किती जुनी, असं विचारलं तर लोक सांगतात, ‘देवादिकापासून चालत आलीय.’ काही बाबतीत ते खरंही आहे. अथर्ववेदात आघाड्याला विनवलेलं आहे, की दुसऱ्यानं केलेलं चेटूक त्याच्यावरच परतव. तोच आघाडा आज आपल्या बांधावर उगवतो, धोतराला चिकटतो आणि गणपतीच्या पत्रीत जातो. पण दारावरच्या मिरचीचं तसं नाही. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांनी ती सोळाव्या शतकात समुद्रावरून आपल्याकडं आणली. म्हणजे ज्ञानेश्वर महाराज आणि आमच्या तेरचे गोरोबाकाका यांच्या काळात दाराला मिरची बांधणं शक्यच नव्हतं, कारण मिरचीच नव्हती. तिखटाला तेव्हा मिरी होती. मिरची आली, सोपी आणि स्वस्त पडली, आणि लोकांनी तिलाही राखणीला बसवलं. रीत माणसानं केलेली असते आणि सोयीनं बदललेली असते, हे एवढ्यावरून समजतं.

राखणीला झाड वापरलं त्याचं मला काही वाटत नाही. दाराला बिब्बा टांगल्यानं कुणाचं घर बुडत नाही. वाईट पुढं सुरू होतं. झाडाच्या गुणानं काही घडलं आणि त्याचा कर्ता म्हणून माणूस शोधला, की तिथून.

धोतऱ्याचंच घ्या. उकिरड्यावर, गावकुसाला उगवतो, फूल महादेवाला वाहतात. त्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं. ते पोटात गेलं की तोंड कोरडं पडतं, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सोसत नाही, माणूस असंबद्ध बडबडतो, हवेत नसलेलं काही वेचायला लागतो. इंग्रजी अमलात वाटसरूला अन्नातून धोतरा चारून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, त्यांच्या नोंदी पोलिसांच्या दप्तरात आहेत. पण गावात एखादा असा बरळायला लागला, तर त्यानं काय खाल्लं हे कुणी विचारत नसे. कुणी केलं, हे विचारत.

किंवा ज्वारीचं. पावसानं मोठी उघडीप दिली, गुडघ्याखालची कोवळी ज्वारी सुकून गेली, अशा वेळी बैलानं चार घास मारले तर तो तासाभरात तडफडून मरतो. कोवळ्या, ताण पडलेल्या ज्वारीत विष तयार होतं. कणसावर आलेल्या ज्वारीत ते उरत नाही. वेळेत डॉक्टर आला तर शिरेतून औषध देऊन जनावर वाचवतो. पण सकाळी धडधाकट औताला जुंपलेला बैल दुपारी आडवा झाला, की धनी म्हणायचा, ‘मूठ मारली.’ कालच कुणाशी तरी बांधावरून भांडण झालेलं असायचंच. बांध म्हटला की भांडण आलंच. नाव शोधायला लांब जावं लागत नसे.

त्याच ज्वारीत टारफुला नावाचं तण येतं. दिसायला नाजूक, पण मुळं जमिनीखाली ज्वारीच्या मुळात घुसवून तिचा रस पितं. वर ज्वारी पाणी असून सुकते, कारण दिसत नाही. त्याचं धुळीसारखं बारीक बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आलं तरच उगवतं. इंग्रजीत या तणाला नावच ‘चेटकिणीचं तण’ असं आहे. म्हणजे रान सुकलं की चेटकीण शोधायची खोड एकट्या आपलीच नाही. युरोपात साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकीण ठरवून चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक बाया होत्या, आणि झाडपाल्याचं औषध देणाऱ्याही काही होत्या.

आता आमच्याकडच्या भानामतीकडं येतो. हा शब्द पश्चिम महाराष्ट्रात ऐकू येतो, पण त्याचं ठाण मांडलेलं राज्य म्हणजे जुना निजामी मुलूख. मराठवाडा, बिदर, गुलबर्गा आणि पलीकडं तेलंगणात मेदककडं, जिथं तिला बाणामती म्हणतात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, १ मे १९६० ला आम्ही महाराष्ट्रात आलो, पण भानामती कुठं गेली नाही. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, शिजल्या अन्नात घाण निघते, बाया मांजरासारख्या ओरडतात आणि अंगावर फुल्या उमटतात. हातावर, मांडीवर, पाठीवर काळ्या-तांबड्या, रेघेवर रेघ ओढल्यासारख्या गुणाकाराच्या खुणा. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कारण फुली हे कुणीतरी काढल्याशिवाय होत नाही, आणि काढणारा तर दिसत नाही.

ती फुली बिब्ब्याच्या तेलाची असते. तेल लावलं त्या घडीला काही होत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कातडी उठते. लावणारा तोवर बाजूला झालेला असतो, म्हणून फुली ‘आपोआप’ उमटल्यासारखी वाटते. झाडाचा हा उशिरा जाळायचा गुण, हाच भानामतीचा सगळा मंत्र.

आमच्या गावात ७२ च्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी असं एक प्रकरण झालं. मी तेव्हा दहावीच्या आसपास होतो. एका खात्यापित्या घरातल्या तरुण सुनेच्या अंगावर फुल्या यायला लागल्या. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल चार दिवसांचं होऊन गेलं होतं. बाळंतपण गावच्या सुईण मावशीनं केलं होतं. मावशी विधवा. अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. कुणाला काय द्यायचं, वावडिंग किती, शेपा किती, बिब्बा कुणाला सोसतो आणि कुणाला अजिबात लावायचा नाही, हे सगळं तिच्या तोंडात. दारी आलेल्या वैदूशी ती मुळ्यांवरून वाद घालायची आणि बहुधा वैदूच गप बसायचा.

देवऋषी आणला. त्यानं दाणे टाकले आणि सांगितलं, ‘बाईमाणूस हाय. कपाळ पांढरं हाय. ह्या घरात येऊन गेलेलं हाय.’ एवढ्यावर गावाला पुरलं. चार माणसं मावशीच्या घरात शिरली. देवळीत गाडगं निघालं. त्यात बिब्बे, वेखंड, धोतऱ्याचं बी. मुद्देमाल सापडला म्हणून गलका झाला. मावशी म्हणाली, ‘आरं लेकरांनो, हे तुमच्यासाठीच ठिवलंय की. तुज्या टाचंला चटका कशाचा दिला व्हता मी?’ ज्याला विचारलं त्यानं मान खाली घातली, पण तो मागं सरला नाही. त्या दिवशी गावातल्या कुठल्याही घराची झडती घेतली असती तरी बिब्बे निघाले असते. ज्याच्या घरातून ते आले होते, त्याच्याही.

दोन बकरी आणि बरेच पैसे गेल्यावर सुनेला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फुल्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न केला, ‘घरात बिब्बे आहेत का?’ मग त्यांनी पोरीचा उजवा हात उलटा करून बोटांची टोकं पाहिली. ती काळी पडली होती. फुल्याही डाव्या हातावर, मांड्यांवर, पोटावर अशा, उजवा हात पोचेल तिथंच होत्या. ते पोरीला काही बोलले नाहीत. सासऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, ‘आबा, लेकरू गेल्यापासून पोर माहेरी गेलीय का?’ गेली नव्हती. पंचमीलासुद्धा धाडली नव्हती. ‘महिनाभर धाडा. हे मलम लावा आणि घरातले बिब्बे टाकून द्या.’ ती माहेरी गेली आणि फुल्या थांबल्या. सासरे डॉक्टरांचं बोलणं पुढं कित्येकांना सांगायचे, म्हणून मला ते माहीत.

भानामती अशी तिथं संपली, पण मावशीवरचा आळ संपला नाही. लोक म्हणाले, ‘आवशिदानं निघाली म्हंजी व्हती तर खरी!’ तिला कुणी बाळंतपणाला बोलवेना. तिची सावली दिसली की पोरं आत घ्यायला लागले. दिवाळीनंतर ती मांजरेच्या पलीकडं लेकीच्या गावी गेली ती परत आली नाही. नंतर तीन वर्षं गावात सुईण नव्हती. अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून तालुक्याला न्यायचे. त्यातली एक गाडी पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडंच रात्रभर थांबली आणि सकाळी तशीच माघारी आली. त्या बाईचं नाव कुठल्या करणीच्या हिशेबात कुणी धरलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर असेच फोड उठले होते. डॉक्टरांनी शोध घेतला, तर कपड्यावर परटानं केलेली बिब्ब्याची खूण बरोबर फोडाच्या जागी येत होती. त्यांच्या डॉक्टरांच्या पुस्तकात त्या दुखण्याला परटाच्या खुणेचंच नाव पडलं. तिथं कुणाला देवऋषी लागला नाही आणि कुणा परटाला गाव सोडावं लागलं नाही. झाड तेच, तेल तेच. फरक एवढाच की त्यांनी आधी कापड पाहिलं.

आपल्याकडं आधी कापड पाहायला शिकवण्याचं काम अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी केलं. मराठवाड्यातल्या गावागावात जाऊन त्यांनी बिब्ब्याच्या फुल्या करून दाखवल्या, हळदीत चुना मिसळून ‘रक्त’ काढून दाखवलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्रानं गायीचं दूध आटवतो असं म्हणून त्याला बदनाम करणं, त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे. मावशीच्या घरात शिरलेल्या चार माणसांना तेव्हा असा धाक नव्हता.

बिब्बा अजून बाजारात मिळतो. शनिवारी लिंबू-मिरचीच्या माळेत ओवलेला दिसतो. नव्या ट्रॅक्टरलाही बांधतात. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कुणाच्या अंगावर फुल्या दिसल्या तर दाणे टाकणाऱ्याकडं जाऊ नका. ती जागा साबणानं धुवा, दवाखाना गाठा आणि त्या घरात कोण गप्प-गप्प आहे, कोण बरेच दिवस माहेरी गेलेलं नाही, ते पाहा. बैल मेला तर त्याच्या तोंडात कसला चारा आहे ते पाहा. आणि कुणी एखाद्या म्हातारीचं नाव घ्यायला लागला, तर त्याला तिथंच अडवा. त्याच्या घरच्या देवळीत काय काय आहे, तेही विचारा.