आधी लिंब, मग खांब

आमच्या गावाकडच्या घरात भिंतीवर एक फोटो आहे. साल 1971, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या आदलं वर्ष. गावात दिवा आला म्हणून तालुक्याहून फोटोग्राफर बोलावला होता. फोटोत आज्जी, आई, तात्या, आणि चड्डीचा नाडा लोंबणारा मी. मागं आज्जीनं लावलेला कडुलिंब, आणि त्याला जवळजवळ खेटून नवा कोरा लोखंडी खांब.

आमचा माण तालुका, जिल्हा सातारा. कोयना याच जिल्ह्यातली. तिथली वीज 1962 साली सुरू झाली, पण मोठ्या तारांवरून ती मुंबईकडं गेली. आमच्याकडं कंदीलच राहिला. पुढं 1969 साली खेड्यांच्या विद्युतीकरणाला कर्ज देणारं महामंडळ केंद्रानं काढलं आणि खांब वाड्यावस्त्यांकडं सरकू लागले. आमच्याकडं ते बैलगाडीतून आले. खांबाच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे, असा हिशेब. आमच्या मुरमात तेवढा खड्डा पाडताना पहारी वाकल्या. मग सगळ्या आळीनं दोर धरून खांब उभा केला. वर तारा चढल्या तेव्हा आम्ही पोरं मोजत होतो. तीन फेजच्या, एक न्यूट्रलची आणि एक रस्त्याच्या दिव्याची.

चार-पाच वर्षांत लिंब तारांना भिडला. वायरमन दर उन्हाळ्यात यायचा. तारांना पडलेला झोळ ओढून घ्यायचा, तडकलेल्या चिमण्या बदलायचा, डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचा. चिमणी म्हणजे तार जिच्यावर बसते तो चिनी मातीचा चॉकलेटी तुकडा. तिला गेलेला केसाएवढा तडा उन्हाळ्यात कुणाला दिसत नाही. पहिल्या पावसाचं पाणी त्यात शिरलं की वीज खांबात उतरते आणि गाव अंधारात जातं. लोक म्हणतात, चार थेंब पडले की लाइट जाते. ती जाते ती अशी.

फांद्या तोडायचं म्हटलं की मात्र तात्या आडवे यायचे. भिंतीवरचा फोटो काढून आणायचे आणि वायरमनपुढं धरायचे. "हे बघ. लिंब आधीचा, खांब मागनं आला. सरकवायचा तर खांब सरकव."

"तात्या, लिंब आधीचा आसंल," वायरमन म्हणायचा, "पर वारं तुमचा फोटू बघून येत न्हाई."

कायदा तात्यांनी वाचला नव्हता, पण त्यांचा मुद्दा कायद्यात आहे, हे मला फार पुढं कळलं. 1910 च्या वीज कायद्यात तो होता, 2003 च्या कायद्यातही आहे. तारेला अडचण करणारं झाड दंडाधिकाऱ्याच्या हुकमानं तोडता येतं. मात्र ते झाड तार ओढायच्या आधीपासून उभं असेल, तर मालकाला वाजवी भरपाई मिळते. म्हणजे आधी कोण, हे कायदा विचारतो, पण पैसे ठरवण्यापुरतं. झाड वाचवण्यासाठी नाही. तात्यांना पैसे नको होते.

1978 च्या वैशाखात रात्री वळीव झाला. लिंबाची मोठी फांदी तारांवर कोसळली. एक तार तुटून शेजारच्या आबांच्या बांधावर पडली. खरं तर अशा वेळी फ्यूज उडायला हवा. पण तो सारखा उडतो आणि मोटारी बंद पडतात म्हणून गावातल्याच कुणीतरी डीपीत जाड तार घातली होती. सगळ्यांना माहीत होतं. आम्हालाही. शिवाय वरची माती नुसती ओलावलेली, खालची कोरडी. जमिनीत वीज पुरती उतरली नाही आणि तार जिवंतच राहिली.

पहाटे आबा बैल घेऊन निघाले. पुढचा बैल जागेवर पडला. आबा दोन पावलं मागं होते म्हणून राहिले.

आबा तात्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तात्यांनी आपल्या जोडीतला एक बैल सोडला आणि आबांच्या दावणीला नेऊन बांधला. त्या साली आमची पेरणी सावडीनं झाली. फोटो पुन्हा भिंतीवर गेला, तो परत कधी खाली आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यापासून तात्या स्वतः कोयता घेऊन वायरमनची वाट बघायचे. वायरमन आधी लाइन बंद करून घ्यायचा, मग तारांवर अर्थिंगची साखळी टाकायचा. चुकून कुठून वीज परत आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून. त्यानंतरच कुणाला झाडाला हात लावू द्यायचा. छाटायचं कसं, हेही त्यानंच शिकवलं. शेंडा सरसकट उडवला तर तिथून झुबक्यानं धुमारे फुटतात आणि वर्षात पुन्हा तारेला भिडतात. त्यापेक्षा तारेकडं जाणारी फांदीच मुळाशी, बगलेत घ्यायची. असं करत करत लिंबाला मधोमध बेचकी पडली. बेचकीतून तारा गेल्या, दोन्ही बाजूंनी लिंब वाढला.

तात्या गेल्यावर मी दर मे महिन्यात गावी जातो आणि ओट्यासमोरच्या त्याच धोंड्यावर उभं राहून लिंबाचा नि खांबाचा फोटो काढतो. आधी साध्या कॅमेऱ्यानं, आता मोबाइलवर. मग गल्लीतल्या बाकीच्या खांबांचेही. एकदा फोटो मोठा करून बघताना चिंचेजवळच्या खांबावर चिमणीला तडा दिसला. आताच्या वायरमनला पाठवला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं ती बदलली.

दोन वर्षांमागं उघड्या तारा जाऊन पीळ दिलेली काळी केबल आली. यंदाच्या फोटोत लिंबाची बेचकी निम्मी भरलेली दिसते. आबांचा नातू शेजारी उभा होता. म्हणाला, "काका, आता छाटायला नको ना?"

"केबल असली तरी फांदी घासून घासून वरचं आवरण झिजतं," मी म्हटलं. "कोयता आण. पण आधी वायरमनला फोन लाव."