ओळख कशावरून पटते? पिकासोची दोन व्यक्तिचित्रं

व्यक्तिचित्र म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'हुबेहूब आलंय का?' पण फोटो काढणं सोपं झालं आणि चित्रकारांपुढे पेच उभा राहिला. हुबेहूबपणाचं काम कॅमेरा करतोय, मग माणसाचं रंगवायचं तरी काय?

याचं एक उत्तर आपल्याला पॅरिसमध्ये सापडतं. १९०५-०६ मध्ये लेखिका गर्ट्रूड स्टाईन चित्रासाठी पिकासोसमोर बसल्या; त्यांच्याच सांगण्यानुसार ८०-९० वेळा. चेहरा काही जमेना. पिकासोने तो पुसून टाकला, स्पेनला गेला आणि परतल्यावर, त्या समोर नसताना, मुखवट्यासारखा चेहरा रंगवला. म्हणजे बघा, समोर दिसणाऱ्या चेहऱ्यापेक्षा मनात साठलेला माणूस त्याला जवळचा वाटला.

१९१० मध्ये तो आणखी पुढे गेला. कलाविक्रेते डॅनिएल-हेन्री कानवाइलर यांचं चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यात चेहरा, कोट, मागची भिंत, सगळ्याचे करड्या-तपकिरी रंगांत तुकडे झालेत. नीट पाहिलं तर केसांचं वळण, घड्याळाची साखळी, खाली जुळवलेले हात सापडतात. तेवढ्या खुणांवरून आपण एक शांत, सावध गृहस्थ उभा करतो.

आता हा सावधपणा कानवाइलरांचा, पिकासोचा, की आपला? खरी मेख इथेच आहे. माणूस आपल्याला तुकड्यातुकड्यांनीच कळतो. मधल्या जागा आपण आपल्या समजुतीने भरतो. म्हणून या चित्रासमोर 'हा कोण?' एवढंच विचारून भागत नाही. 'हे आपण कशावरून ठरवलं?' हेही विचारावं लागतं.