नवापूरचा फलाट आणि विजेचे दोन कारभार

१/ सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आहे आणि काही गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे. त्याची एक बाजू महाराष्ट्राची, दुसरी गुजरातची. प्रवासी त्यावर बसून छायाचित्रे काढतात. इतिहासाच्या अभ्यासकाला तेथे वेगळाच प्रश्न पडतो. माती तीच, तापीचे खोरे तेच, लोक तेच. रेघ ओढली गेली आणि कारभार तेवढा वेगळा झाला. या वेगळेपणाने विजेच्या वापरात काय फरक पडला? आजचा धागा त्याविषयी.

२/ लोहमार्ग आधीचा आहे, सीमा नंतरची. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा भागातील काही गावे गुजरातकडे गेली. उरलेला पश्चिम खानदेश म्हणजे धुळे जिल्हा. त्यातूनच १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. विजेचेही विभाजन झाले. मुंबई राज्याचा वारसा घेऊन महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि गुजरात वीज मंडळ ही दोन भावंडे १९६० सालीच उभी राहिली. कायदा दोघांना एकच होता, १९४८ चा.

३/ ऊर्जेची कार्यक्षमता म्हटले की आपल्याला यंत्र आठवते: चांगली मोटर, चांगला दिवा. पण शेतात तिचा अर्थ साधा आहे. एका युनिटात किती पाणी पिकाच्या मुळाशी पोहोचले? १,००० लिटर पाणी १०० मीटर वर उचलण्यास किमान ०.२७ युनिट वीज लागतेच. पंप चाळीस टक्केच कार्यक्षम असेल तर तेच काम सुमारे ०.६८ युनिट खाते. पाणी दहा मीटरवर असेल तर दोन्ही आकडे एक-दशांश होतात. म्हणजे भूजल किती खोल जाऊ द्यायचे आणि पंप कसा वापरू द्यायचा, हे दोन निर्णय यंत्राच्या बाहेर होतात.

४/ धुळ्याला हे नवे नाही. पांझरा नदीवर तीन-चार शतकांपासून फड पद्धतीचे बंधारे आहेत. नदीवर लहान बंधारा, तेथून पाट आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सर्वांचे एकच पीक. पाणी उताराने वाहते. ते उचलावे लागत नाही. ऊर्जेचा खर्च शून्य.

५/ हे शून्य फुकट मिळालेले नव्हते. त्यामागे कारभार होता. पंचमंडळ, पाटावर देखरेख ठेवणारा हवालदार, राखण करणारा जागल्या आणि पाणी देणारा पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः बारे धरायचे नाही. पाटकरी क्रमाने प्रत्येकाच्या शेतात पाणी सोडी. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. टंचाई वाटून घेण्याचा नियम टंचाईच्या आधी ठरलेला असे.

६/ नंतर नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, खाली विहिरी वाढल्या आणि गावोगाव वीज आली. विजेच्या मोटरीने शेतकऱ्याला मोठे स्वातंत्र्य दिले. पाळी नको, पंच नको, शेजाऱ्याचा रुसवा नको. बटण दाबले की पाणी. त्या स्वातंत्र्याचे मोल कमी लेखू नये. दुष्काळात त्यानेच घरे तारली. पण पाटकऱ्याची जागा आता वीज मंडळाने घेतली होती आणि मंडळाला ती जागा घेतल्याची जाणीव नव्हती.

७/ मीटरचा प्रश्न येथे उभा राहिला. शेताशेतांत विखुरलेल्या पंपांचे वाचन करणे खर्चिक, वसुली कठीण, वाचकाच्या हातात मनमानीची संधी. त्यात निवडणुका. तेव्हा महाराष्ट्राने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि गुजरातने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अश्वशक्तीवर आधारित ठोक दर आणला. तीन अश्वशक्तीची मोटर म्हणजे ठरलेले बिल, मग ती तासभर चालो वा रात्रभर. प्रशासनाची सोय झाली, शेतकऱ्याचा जाच कमी झाला आणि वापराची मोजणीच थांबली.

८/ मोजणी थांबली की काय होते, ते खानदेशातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. वीज कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून मोटरीला ऑटोस्विच लावलेला. थ्री फेज आली की डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम सुरू. दाब कोसळतो, मोटर जास्त विद्युतप्रवाह ओढते, वाइंडिंग जळते, कधी डीपीच जळते. मग गावातच मोटर पुन्हा भरून घ्यायची. कमी दाबावर तग धरील अशी, वीज कितीही खावो. युनिटाला किंमतच नसताना महाग पण काटकसरी पंप कोण घेईल? शेतकऱ्याचे गणित चुकत नव्हते. त्याच्यापुढे मांडलेले गणितच तसे होते.

९/ हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एकाच देशाची दोन शकले. पूर्वेकडील सरकारी गृहसंकुलांत उष्णतेचे बिल वापरावर ठरत नसे. खोली फार तापली की लोक खिडकी उघडत. १९९० च्या एकीकरणानंतर तेथे उष्णतेची मोजणी सुरू झाली आणि सवयीही बदलल्या. माणसे तीच होती.

१०/ मोजणी नसण्याचा दुसरा तोटा अधिक खोल आहे. मीटर नसलेल्या शेतीचा वापर अंदाजाने मांडला जातो. मग चोरी, आकडे आणि जुनाट तारांतील गळती शेतीच्या खात्यावर सहज लपते. १९९९ साली महाराष्ट्रात वीज नियामक आयोग आला, जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या गटांनी हे हिशेब तपासले, तेव्हा शेतीचा वापर फुगवलेला आणि गळती दडवलेली असल्याचे उघड झाले. शेतकरी ‘फुकटा’ ठरला होता, तो अंशतः दुसऱ्याच्या हिशेबाने.

११/ आता सीमेपलीकडे पाहू. गुजरातेतही ठोक दर होता, मीटरला तीव्र विरोध होता, मंडळ तोट्यात होते. २००३ मध्ये तेथे ज्योतिग्राम योजना सुरू झाली आणि २००६ पर्यंत जवळजवळ सर्व, सुमारे १८,००० गावांत पोहोचली. कल्पना साधी: गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. घरांना चोवीस तास थ्री फेज. शेतीला आठ तास, पण पूर्ण दाबाने आणि आधी जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार. जुन्या पंपांवर मीटरची सक्ती केली नाही. मोजणी फीडरवर आणली.

१२/ तुषार शाह आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार गुजरातेतील शेतीचा वीजवापर २००१ मधील सुमारे १५.७ अब्ज युनिटांवरून २००६ मध्ये ९.९ अब्ज युनिटांवर आला. आकडा सावधपणे वाचावा. मधली वर्षे चांगल्या पावसाची होती आणि जुना आकडा अंदाजाचाच होता. शिवाय त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही नोंदवली: पंपमालकाकडून पाणी विकत घेणारे अल्पभूधारक, कूळ आणि भूमिहीन यांना या शिस्तीचा फटका बसला. शिस्त आली, न्याय आपोआप आला नाही.

१३/ त्याच काळात महाराष्ट्रात? २००४ मध्ये निवडणुकीपूर्वी शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी ती मागे घेतली गेली. २००५ मध्ये दोन्ही राज्यांनी आपापल्या मंडळांचे विभाजन करून कंपन्या केल्या. कागदावरची सुधारणा सारखीच. महाराष्ट्रानेही गावठाण फीडर वेगळे केले, पण टप्प्याटप्प्याने. आणि शेतीच्या वाट्याला आलटूनपालटून दिवसाची व रात्रीची पाळी आली. साप, बिबट्या, अंधारातले उघडे वायर यांच्या भीतीपोटी शेतकरी मोटर सुरू करून परत फिरतो. पाणी रात्रभर वाहते. ही नासाडी त्याच्या निष्काळजीपणात मोजायची की वेळापत्रकात?

१४/ विरोधाभास पाहा. याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. सूर्य इथला, वीज इथली, आणि शेताला पाणी मध्यरात्री. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आणि २०२३ मधील तिचा दुसरा टप्पा याच विसंगतीवर उपाय शोधतो: शेतीचे फीडर सौरऊर्जेवर चालवून दिवसा वीज देणे. दिशा योग्य आहे.

१५/ जुलै २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना मार्च २०२९ पर्यंत. कर्जाने वाकलेल्या घराला तो दिलासा आहे, हे नाकारणे निर्दयपणाचे होईल. पण बिल माफ करणे आणि मोजणे सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात विहिरी जसजशा खोल जातील, तसतसे त्याच पाण्याला अधिक युनिट लागेल. ते युनिट कोणी मोजलेच नाही, तर पाणी संपत आल्याची वर्दी देणार कोण?

१६/ फडाकडे परत जाऊन थांबतो. तेथे पाण्याचा हिशेब साऱ्यांसमोर होता, पाळीचा शब्द पाळला जाई आणि टंचाईचा निर्णय चारचौघांत होई. ज्योतिग्रामने त्यातल्या दोन गोष्टी तारेवर आणल्या: पाळी आणि मोजणी. तिसरी, म्हणजे ज्याचे शेत पाटाच्या शेपटाला आहे त्याचा आवाज, तेथेही राहिली. नवापूरच्या बाकावर बसून गुजरात पुढे की महाराष्ट्र, असा वाद घालता येईल. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की पांझरेच्या काठाने या तिन्ही गोष्टी वीज येण्यापूर्वी करून दाखवल्या होत्या.